धोक्याची रेघ

वीज म्हणजे साठवता न येणारी मजुरी,
असं मी वर्गात सांगते.
पिकली त्या क्षणीच खर्चायची.
कुठल्या एका खोलीत पंखा सुरू झाला
की दूरवरची सगळी चाकं केसभर मंदावतात
आणि कोणाचा पंखा, असं एकही चाक विचारत नाही.

माणसांत असं होतं का, ते बघायला
मे महिन्यात मी बसले
सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात, नवजात कक्षाच्या कोपऱ्यात.
एक खुर्ची, एक वही,
भिंतीच्या सॉकेटात माझं मोजणी यंत्र.
रात्री दोनलाही बाहेर तवा.
अर्धं सोलापूर गच्चीवर,
उरलेल्या अर्ध्याचे कूलर माझ्या आलेखात.

आत अकरा पाळणे.
शमशाद नदाफ सिस्टर, तेरा वर्षं रात्रपाळी.
डॉक्टर रणदिवे, सलग तिसावा तास.
लावण्या कुरापाटी, शिकाऊ,
नव्या बुटांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालणारी.
आणि गुरुशांत मामा, कागदोपत्री सफाईला,
त्याआधी एकवीस वर्षं यंत्रमागावर.

दोन वाजून सोळा मिनिटांनी मामा उठले.
कोणी हाक मारली नव्हती.
हात धुतले, साबण लावून, दोनदा,
आणि सात नंबरपाशी जाऊन उभे राहिले.
कंदलगावचं बाळ, अकराशे ग्रॅम,
श्वास यंत्राच्या हवाली.
सिस्टरनी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे.
एवढंच बोलणं.
सिस्टरनी खणातून रबरी फुगा काढला.

दोन सतराला दिवे गेले.

जनरेटरला नऊ सेकंद लागतात, असं फलकावर लिहिलंय.
त्या रात्री चौदा लागले.
अंधारात मी नुसते आवाज टिपले:
फुगा दाबल्याचा, सोडल्याचा,
रणदिव्यांच्या धावत्या चपला,
कुठेतरी स्टीलचा ट्रे,
आणि सिस्टरची मोजणी, घरच्या बोलीतली,
एक, दो, छोड. एक, दो, छोड.
मामांच्या मोबाईलचा उजेड
बाळाच्या छातीवर, हलत नव्हता.

माझं यंत्र ओरडलं तेव्हा
मामांना उभं राहून एक मिनिट झालं होतं.
दाब अमुक इतका घसरला तरच ओरड,
अशी रेघ मीच त्याला आखून दिली होती.

तुमची रेघ कुठं आहे मामा?
“पंखा दमालालता की ओ ताई.
धोटा अडकायच्या आधी माग असंच बोलतंय.”

पहाटे चहाला लावण्या हळूच तेलुगूत बोलली.
माझी आई पूर्व भागातली, मला कळतं.
तीन नंबरच्या पंपाची बॅटरी कालच फुगलेली दिसली होती तिला.
डॉक्टर थकलेले होते.
आणि मी कोण, म्हणाली.
तीन नंबरचं औषध चौदा सेकंद थांबलं होतं.
काही झालं नाही.
काही झालं नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

उपकेंद्रातला रिले मुठीएवढा असतो.
चूक दिसली की तोडतो,
मग समोर लाखो व्होल्टची तार का असेना.
त्याला पद नाही, बढती नाही,
लहानपणी कोणी त्याला म्हटलेलं नाही,
मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नकोस.

अहवालात मामांना मी ‘अनौपचारिक संवेदक’ लिहिलं.
खोडलं. नाव लिहिलं.
मार्गदर्शक म्हणाले, नाव चालत नाही, आकडा द्या.
आकडा दिला: छप्पन्न सेकंद आधी.

जुलैत पुन्हा गेले.
लावण्याच्या बुटांचा आवाज दारापासूनच येत होता,
रणदिव्यांना थांबवून ती काहीतरी दाखवत होती.
मामा रजेवर, मुलीच्या बाळंतपणाला, इंडीला.
त्यांच्या स्टुलावर बसून
मी डोळे मिटले, बराच वेळ कान दिला.

मला पंखाच ऐकू आला.